मैनूभाईंचं मध्यंतर

मैनूभाईंना चालताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर धावताना, नाहीतर नुकतंच धावून येऊन उभं राहिलेलं. मोमीनपुऱ्यातल्या घरून सायकलवर टांग मारली की मंडईच्या गर्दीतून ते घंटी न वाजवता, नुसतं 'बाजू, बाजू' म्हणत असे निसटत की भाजीवाल्या बायका आधी आपली पाटी धरत आणि मग त्यांना चार शब्द ऐकवत. ते शब्द ऐकायला मैनूभाई तिथे नसत. नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीला टेकवलेली सायकल स्थिर होईपर्यंत ते विंगेत पोचून पडद्याची दोरी ओढून बघत असत.

पूर्ण नाव मैनुद्दीन दादामियाँ अत्तार. वडील दादामियाँ जुन्या संगीत मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता, अरण्य, हिरवीगार शेतं, सगळं त्यांच्या कुंचल्यातून उतरलेलं. पुढे रंगवलेले पडदे गेले, लाकडी भिंतींचे सेट आले, आणि मुलाच्या हाती एकच पडदा उरला, दर्शनी. 'आनंदध्वज' या नाट्यसंस्थेत मैनूभाई तो पडदा उघडत आणि पाडत, घंटा देत, आणि नाटकात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंचा, म्हणजे नाटकवाल्यांच्या भाषेत 'प्रॉपर्टी'चा, पेटारा सांभाळत. जाहिरातीत त्यांचं नाव कधी आलं नाही. प्रयोगाआधी ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांची नावं सांगत, त्यात ते फर्निचर पुरवणाऱ्यांच्याही नंतर येई, आणि नेमकी त्याच वेळी तिसरी घंटा वाजे. वाजवणारेही तेच. स्वतःचं नाव स्वतःच्याच घंटेत बुडवणारा असा माणूस रंगभूमीवर दुसरा झाला नसेल.

पडद्याबद्दल त्यांची मतं ठाम होती. तो दोन्ही बाजूंनी सरकत येणारा जाड मखमलीचा पडदा होता, पण नाटकात पडदा सरकत नाही, पडतोच. आणि तो अंकाचा शेवटचा शब्द हवेत असतानाच पडला पाहिजे, असं मैनूभाई म्हणत. प्रेक्षकाला विचार करायला वेळ दिला तर तो टाळी वाजवायच्या ऐवजी खोकतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे ते दोरीला असे झटके देत की नटाचा हात वर असला तर तो खाली यायच्या आत मखमलीआड जाई.

त्यांचं खरं वैर होतं मध्यंतराशी. पुण्याच्या नाट्यगृहातलं मध्यंतर म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. निम्मे लोक नाटकाला येतात आणि निम्मे बटाटेवड्याला, असं जे म्हणतात त्यात थोडीच अतिशयोक्ती आहे. प्रेक्षकांचं सोडा, आत कंपनीचीही तीच गत. प्रयोगाआधी पोट भरलं तर आवाज फुटत नाही, पडदा उघडा असताना खाता येत नाही, आणि शेवटी सामान बसच्या टपावर चढवायची घाई. काय खायचं ते मध्यंतरात. कागदात बांधलेले गरम वडे आत येत, किटलीतून चहा येई, आणि कुणाचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच मैनूभाईंची घंटा. लोक घरी खात नाहीत का, एवढंच ते म्हणत. रंगलेलं नाटक मधेच थांबवून माणसांनी तळण खावं, हे त्यांना आयुष्यभर पटलं नाही. ते स्वतः मध्यंतरात पाण्याचा घोटही घेत नसत.

याचा सगळ्यात जास्त जाच मथुराबाईंना. बाई एकेकाळी संगीत नाटकांतून गायलेल्या, आता सासूच्या भूमिका करायच्या, आणि मैनूभाईंना तरुणपणापासून अरेतुरे करायच्या. एकदा त्या गालात अर्धा वडा घेऊन दुसऱ्या अंकात गेल्या होत्या आणि सुनेवर चिडण्याचा संपूर्ण प्रवेश त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केला होता. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात त्या मौनाचं कौतुक छापून आलं. बाईंनी ते कात्रण मैनूभाईंच्या पेटाऱ्यावर चिकटवलं आणि सांगितलं, "मैनू, तुझ्या घंटेपायी मी निम्मं आयुष्य उपाशी राहिले. बघ, लोकांना तेच आवडलं."

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. कंपनीचं एक विनोदी नाटक जोरात चाललं होतं, आणि त्याच सुमाराला पडदा ओढताना मैनूभाईंच्या छातीवर काहीतरी येऊन बसू लागलं. भरलेला पेटारा कुणी उराशी टेकवून ठेवावा तसं. दोरी सोडली, थोडं टेकलं, की ते उतरे. सायकलवर लक्ष्मी रोडच्या चढाला पुन्हा येई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाटकवाल्याचं दुखणं पडदा पडल्यावर, ही जुनी शिस्त. पण घरी अख्तरबानू होत्या. त्या शिवणयंत्रावर बसून लोकांचे कपडे शिवत, कंपनीचे उसवलेले अंगरखेही सांधत, आणि मान वर न करता घरातलं सगळं बघत. नवरा जिन्यात मधेच थांबतो आणि कठडा तपासल्याचा आव आणतो, हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं. मैनूभाई म्हणाले, वडा बाधला असेल.

"दुसऱ्याच्या पोटातला वडा तुम्हाला कसा बाधतो?" अख्तरबानू म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

हृदयाचे डॉक्टर मच्छिंद्र काळभोर हे लोणी काळभोरच्या बागायतदाराचे चिरंजीव. बोलणं शहरी, पण सांगण्याची तळमळ वाढली की गावाकडचं 'हाय' मधेच डोकावे. त्यांनी मैनूभाईंच्या छातीला तारा लावल्या आणि त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. पट्टा वेग घेऊ लागला. मैनूभाईंच्या छातीवर पेटारा येऊन बसला, तरी ते चेहऱ्यावर हसू ठेवून, ताठ मानेनं, राजदरबारात प्रवेश केल्यासारखे चालत राहिले. डॉक्टरांनी पट्टा थांबवला.

"चाचा, तोंड हसतंय, पण कागद रडतोय," ते कार्डिओग्रामची पट्टी दाखवत म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू, आणि त्याला रक्त पोचवणारी एक वाट अरुंद झाली आहे. बसून असताना पुरतं, धावाधाव केली की अपुरं पडतं, आणि तो स्नायू कळवळतो. उपाय असा की धाव कमी करायची. माणसाचीही, आणि गोळी देऊन हृदयाचीही. ठोके सावकाश पडू लागले की त्याची भूक कमी होते आणि आहे त्या रक्तात भागतं. मैनूभाईंचा चेहरा कोरा दिसला म्हणून डॉक्टर शेतावर गेले. पाटाला पाणी कमी असलं की आपण काय करतो, सगळे वाफे एकदम धरत नाही, दोन पाळ्यांत अंतर ठेवतो, पाणी मुरायला वेळ देतो, तसंच हाय हे. मैनूभाईंनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यात शेत पाहिलं होतं ते वडिलांच्या पडद्यावरचं. तिथलं पाणी निळ्या रंगाचं होतं आणि ते कधी कमी पडलं नव्हतं.

डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली आणि ती आपल्या मनानं बंद करायची नाही, हृदय उसळतं, असं दोनदा बजावलं. शिवाय दुखू लागलं तर जिभेखाली ठेवायच्या छोट्या गोळ्या दिल्या, त्या सदैव खिशात हव्यात. काम काय करता, असं विचारलं तेव्हा मैनूभाईंनी पडदा म्हणजे जवळजवळ रुमालच असल्याचं सांगितलं. अख्तरबानूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं डॉक्टरांनाही दिसलं. ते म्हणाले की काही आठवड्यांनी पुन्हा पट्ट्यावर चालवून बघू, आणि ती दोरी तुमच्या हातात राहील की नाही ते तेव्हा ठरवू.

एवढं एकच वाक्य मैनूभाईंच्या डोक्यात राहिलं. दोरी गेली तर उरलं काय? विंगेतून नाटक न बघणारा माणूस नाटक कुठून बघतो, हेच त्यांना माहीत नव्हतं. समोर खुर्चीत बसून त्यांनी आजवर एकही प्रयोग पाहिलेला नव्हता.

गोळी सुरू झाली आणि मैनूभाई सावकाश झाले. छातीवरचं ओझं उतरलं हे खरं, पण ते त्यांनी जमेलाच धरलं नाही. मंडईत बायकांना आता पाटी धरायची गरज उरली नाही. उलट चार शब्द पुरते ऐकवायला वेळ मिळू लागला, आणि एकीनं तर पंक्चर झालंय का, अशी चौकशी केली. डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवून ठोके बघायला शिकवलं होतं. मैनूभाई बोटं ठेवत, एक ठोका लागे, आणि पुढचा येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागे. एंट्री विसरून रंगपटात विडी ओढत बसलेल्या नटासारखा तो ठोका कुठे आहे कोण जाणे. मग तो यायचा, आपल्याच डौलात. यंत्र बंद पडायच्या आधी असंच हळू फिरतं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

त्यातच तो शनिवारचा प्रयोग आला. पहिल्या अंकाच्या शेवटी मथुराबाई किल्ल्यांचा जुडगा उंचावून दारात उभ्या राहत आणि सुनेला एक वाक्य ऐकवत. ते संपायच्या आत पडदा, असा रिवाज. त्या दिवशी वाक्य संपलं, बाई हात वर धरून उभ्या, आणि पडदा क्षणभर आलाच नाही. नाट्यगृह चिडीचूप. मग मैनूभाईंची दोरी हलली, पडदा पडला, आणि पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. पण मैनूभाईंच्या कानात राहिली ती शांतता.

कंपनीचे व्यवस्थापक बजरंग विंगेतून जाता जाता म्हणाले, "बाईंचा पुतळा बसवायचा विचार होता का, मैनूभाई? आधी कळवत चला, चौथरा बांधून ठेवतो."

बजरंग असं सगळ्यांनाच बोलत, आणि पुढच्या पावलाला विसरत. मैनूभाई विसरले नाहीत. हात मंदावला तो गोळीनं, हे त्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टर पुढे कधीतरी दोरी काढून घेतील तेव्हा घेतील, ही गोळी तर आत्ताच घेऊन चालली होती.

तेव्हापासून रोज सकाळी अख्तरबानू चहाबरोबर गोळी हातावर ठेवून स्टोकडे वळल्या की ती गोळी सदऱ्याच्या खिशात जाऊ लागली. आता प्रश्न असा की तिचं पुढे करायचं काय. दुसरा कुणी असता तर त्यानं ती गटारात फेकली असती. पण नाटकवाला काही फेकत नाही. तुटकी तलवार, एका कानातलं डूल, फुटक्या चष्म्याची काडी, सगळं पेटाऱ्यात जातं, कारण कधी कशाची गरज पडेल सांगता येत नाही. आणि पेटाऱ्यात एक तपकिरी बाटली होती. नाटकातला सासूबाईंचा मुलगा हा सदा आजाराला भ्यायलेला, ऊठसूट गोळ्या खाणारा. त्या बाटलीत मैनूभाई पांढरी पेपरमिंट भरून ठेवत. त्यांनी आपल्या गोळ्या त्यातच टाकल्या. रंगमंचावर खायचं ते खाल्ल्यासारखं करायचं असतं, हा त्यांचा नियम, आणि सगळे तो पाळतात अशी त्यांची समजूत.

मुलाचं काम करणारा माधव हा नियम पाळत नव्हता. त्याला पेपरमिंट आवडायचं.

माधव देखणा, आवाज खणखणीत, पण रंगमंचावर पाऊल टाकलं की हातापायाला कंप सुटे. पहिल्या अंकात तो चहाचा कप हातात घेई आणि बशी अशी खुळखुळे की शेवटच्या रांगेला ऐकू जाई. घाबरून वाक्यंही तो आगगाडीसारखी सोडे. त्या कपबशीला वेगळं मानधन द्या, संवाद तिचे जास्त आहेत, असं मथुराबाई म्हणत.

पुढच्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. घरून निघताना मैनूभाई जिना उतरले ते पूर्वीसारखे, टपटप, शेवटच्या दोन पायऱ्या गाळून. यंत्रावर बसलेल्या अख्तरबानूंचं पाऊल पायटीवर थांबलं. हा जिना त्या कित्येक दिवस ऐकत होत्या. गोळी पोटात असलेला माणूस असा उतरत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या उठल्या, खुंटीवरचा कालचा सदरा चाचपला, तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी त्यातच. त्यांनी डबी घेतली, यंत्रावर कापड तसंच टाकलं, आणि रिक्षा केली.

इकडे पहिला अंक रंगला होता. भलताच रंगला होता. माधवनं अंकाच्या सुरुवातीलाच बाटलीतून गोळी काढून तोंडात टाकली होती, आणि पुढच्या प्रवेशापर्यंत त्याच्यात काही निराळंच शिरलं. त्यानं कप उचलला. बशी वाजली नाही. मथुराबाई सवयीनं खुळखुळाट संपायची वाट बघत होत्या, त्यांचंच वाक्य चुकलं. माधव एकेक शब्द निवांत टाकत होता, मधे थांबत होता, आणि तो थांबला की लोक हसत होते. मैनूभाई विंगेतून बघत होते आणि खूश होते. आज आपला हात चपळ आहे, आज पडदा कसा पडतो ते बजरंगला दाखवू, असं त्यांचं चाललं होतं.

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा उंचावला. शेवटचा शब्द निघाला आणि मैनूभाईंनी दोरीला झटका दिला. पहिल्याच ओढीला पेटारा छातीवर आला, या वेळी दोन पेटारे एकावर एक. डावा हात जड झाला. पण पडदा अर्धा ठेवून सोडणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी तो पुरा मिटवला, दोरी खुंटीला बांधली, आणि मग ते खऱ्या पेटाऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. कपाळाला घाम फुटला. खिशात हात घातला, खिसा रिकामा.

मध्यंतर सुरू झालं. बाहेर लोक वडे खायला गेले, आत वडे आले. घंटा वाजली नाही. लोकांनी चटणी पुन्हा मागून घेतली. काहींनी दुसरा चहा घेतला. एक गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले की आज व्यवस्था ढिली दिसते, आणि त्यांनी आणखी एक वडा मागवला. आत रंगपटात सगळे निवांत टेकून खात होते, गप्पा मारत होते. मथुराबाईंनी वडा संपवला, बोटं पुसली, दुसरा घेतला, तोही संपवला. आणि त्यांचा हात तसाच थांबला.

"मैनू कुठाय?" त्या म्हणाल्या. "माझे दोन वडे खाऊन झाले."

अख्ख्या रंगपटाचा घास तोंडात राहिला. बाई आपल्या जरीच्या लुगड्यानिशी विंगेकडे निघाल्या, मागून सगळे. मैनूभाई पेटाऱ्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न करत होते. त्याच वेळी मागच्या दारातून अख्तरबानू आत आल्या. त्यांनी डबी उघडली, गोळी काढली आणि नवऱ्याच्या जिभेखाली ठेवली. सगळे उभे राहून बघत होते. हळूहळू मैनूभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला, छातीवरचा एक पेटारा उतरला, मग दुसरा.

त्यांना चालू द्यायचं नाही, यावर एकमत झालं. सेटवरची सासूबाईंची भक्कम खुर्ची आणली, तिच्यात त्यांना बसवलं आणि चौघांनी उचलून बजरंगच्या फियाटपर्यंत नेलं. दुसऱ्या अंकात मथुराबाईंना बसायला काही उरलं नाही, त्यांनी पूर्ण अंक उभ्यानं केला. खुर्चीतून जाताना मैनूभाई एकच शब्द म्हणाले, "घंटा." बजरंगनी गाडीची किल्ली दुसऱ्या अंकात काम नसलेल्या एका नटाच्या हातात दिली, आत जाऊन घंटा वाजवली, आणि दोरी स्वतःच्या हातात घेतली.

डॉक्टर काळभोरांनी रुग्णालयात सगळं तपासलं. झटका आलेला नव्हता. काठावरून परत आलात, एवढंच ते म्हणाले, आणि गोळीबद्दल विचारलं. मैनूभाईंनी खरं तेवढं सांगितलं, बंद केली म्हणून. ती कुठे ठेवली ते सांगितलं नाही. डॉक्टर चांगलेच चिडले. ही गोळी अशी एकदम सोडली की दाबून धरलेलं हृदय दुप्पट उसळतं, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी मैनूभाईंना त्याचा अर्थ कळला होता.

संध्याकाळी प्रयोग संपल्यावर मथुराबाई आणि माधव रंग पुसायलाही न थांबता तिथे आले. मैनूभाई ठीक आहेत हे कळताच माधवचा आनंद बाहेर पडला. आज बशी वाजली नाही, आज टाळ्या पडल्या, आज आपल्याला आपला सूर सापडला, असं त्याचं चाललं होतं. मग त्याला आठवलं.

"फक्त मैनूभाई, पेपरमिंटचं दुकान बदललंत का? आजचं फार कडू होतं."

मैनूभाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. अख्तरबानूंनी त्या वळलेल्या मानेकडे पाहिलं, डॉक्टरांनी अख्तरबानूंकडे पाहिलं, आणि मग थोडं थोडं करत सगळं बाहेर आलं. बाटली, पेपरमिंट, पेटारा. डॉक्टरांनी आधी माधवला खुर्चीत बसवून त्याचं मनगट धरलं, रक्तदाब पाहिला, दमा वगैरे नाही ना ते विचारलं. नव्हता. मग ते हसले ते अगदी गावाकडचं, मोकळं. कंप पावणारा हात या गोळीनं थांबतो हे खरं, ते म्हणाले, पण भलत्या माणसाला ती भोवू शकते. माधवनं दबकत विचारलं की प्रयोगापुरती एखादी मिळेल का. पेपरमिंटच खा, असं उत्तर आलं.

मैनूभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की सगळं खरं, पण हळू पडणारं हृदय म्हणजे दमलेलं हृदय नाही का. हात मंदावला, त्याचं काय?

डॉक्टर पलंगाच्या कडेला टेकले. या वेळी त्यांनी शेत बाजूला ठेवलं. आपली मूठ त्यांनी वळून दाखवली.

"चाचा, ठोका म्हणजे हे असं आवळणं. यात सगळ्या अंगाला रक्त जातं. पण आवळताना हृदय आपल्या स्वतःच्या नळ्याही आवळतं. त्याला स्वतःला रक्त मिळतं ते बहुतेक सगळं अशा वेळी." त्यांनी मूठ सैल सोडली. "दोन ठोक्यांच्या मधे. तुम्ही धावलात की आवळणं फारसं कमी होत नाही, कमी होतो तो हा मधला विसावा. ज्याची वाट मोकळी हाय, त्याचं त्यात भागतं. तुमची अरुंद. तिला वेळ लागतो. गोळी तो वेळ मिळवून देते."

मैनूभाई त्या सैल मुठीकडे बघत होते.

"म्हणजे मध्यंतर," अख्तरबानू म्हणाल्या. "पडदा उघडा तोवर कंपनी लोकांसाठी राबते, तिच्या पोटात काही जात नाही. पडदा मिटला की खाते. आणि हे तिथे घंटा घेऊन उभे."

डॉक्टर म्हणाले की मी उगाच पाटाचं पाणी सांगत बसलो.

मथुराबाई खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या. शनिवारचा विषय त्यांनीच काढला. पडदा उशिरा आला असं तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मैनूभाईंनी बजरंगचं नाव घेतलं.

"बजरंग हिशेबाचा माणूस, त्याला काय कळतं? इतकी वर्षं मी तो हात वर करते, आणि तू मला झाकून टाकतोस. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी मला पाहिलं. गप्प बसून पाहिलं, आणि मग टाळी दिली. टाळी ऐकली नाहीस का?"

"ऐकली," मैनूभाई म्हणाले. "मला वाटलं, पडदा पडला एकदाचा म्हणून दिली."

त्यावर बाई एवढ्या हसल्या की परिचारिकेनं येऊन त्यांना दटावलं.

मग गोळी सुरू झाली ती रोज, अख्तरबानूंच्या डोळ्यांसमोर, तोंड उघडून दाखवण्याच्या अटीवर. काही आठवड्यांनी पट्ट्यावरचं चालणं पुन्हा झालं. या वेळी मैनूभाईंनी चेहऱ्यावर काहीच आणलं नाही, आणि मागच्या वेळी जिथे पट्टा थांबवावा लागला होता त्याच्या बरंच पुढे ते गेले. कागदही शांत होता. पडद्याचं वजन या वेळी अख्तरबानूंनी सांगितलं, खरं. डॉक्टरांनी विचार करून अट घातली की दोरी हलकी करा, मग हरकत नाही. बजरंगनी जुन्या कप्प्या काढून नव्या, बेअरिंगवर हलक्या फिरणाऱ्या कप्प्या बसवून घेतल्या, आणि हा खर्च सायकलचं तेल या सदरात टाकणार असल्याचं जाहीर केलं. त्यांची क्षमा मागायची पद्धत तशीच होती.

परतल्यानंतरचा पहिला प्रयोगही रविवारी दुपारीच होता. पहिल्या अंकाच्या शेवटी मथुराबाईंनी किल्ल्यांचा जुडगा उंचावला आणि वाक्य टाकलं. मैनूभाईंच्या हातात दोरी होती. त्यांनी बाईंच्या हाताकडे पाहिलं. शांतता पुरती भरू दिली, काठोकाठ, आणि मग दोरी ओढली. पडदा सावकाश आला, आणि तो मिटायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मध्यंतर झालं. वडे आले, चहा आला. माधव कोपऱ्यात पेपरमिंट चोखत बसला होता. बशी त्या दिवशी वाजली होती, पण थोडी, आणि दोन वाक्यांच्या मधे थांबायचं मात्र तो विसरला नव्हता. मैनूभाई पेटाऱ्यावर बसले आणि त्यांनी अख्तरबानूंनी दिलेला डबा उघडला. पोळी आणि दोडक्याची भाजी. वड्याला डॉक्टरांची मनाई होती. इतकी वर्षं ज्याचा राग केला तो वडा नेमका आता बंद झाला, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. मथुराबाई समोर बसून मुद्दाम चवीनं खात होत्या.

बजरंग घड्याळ बघत विंगेत आले आणि त्यांनी घंटेकडे बोट केलं. मैनूभाईंनी घास चावून संपवला.

"थांबा," ते म्हणाले. "जेवणं चाललीत."

मग त्यांनी उरलेली पोळी खाल्ली, डबा बंद केला, हात धुतले, आणि उठून घंटेकडे निघाले. सगळी कंपनी हातातले वडे तसेच धरून बघत राहिली. मैनूभाई चालत गेले.